कादंबरीतील इंग्रजी बोलभाषा आणि मराठी वाचक : लक्षणाविचाराच्या आधारे

तौलनिक साहित्याभ्यासाच्या निमित्ताने मराठीच्या विद्यार्थ्याला इंग्रजी कादंबरी मुळातून वाचावी लागते. निवेदनाचा भाग तो शब्दकोशाच्या साहाय्याने पार करतो. अडतो तो संवादापाशी. तेथे शब्द सगळे ओळखीचे असतात आणि अर्थ मात्र हुकतो. तो का हुकतो व कसा गाठावा, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

मम्मटाने 'काव्यप्रकाशा'त लक्षणेसाठी तीन गोष्टी आवश्यक मानल्या आहेत : मुख्यार्थाचा बाध, मुख्यार्थाशी असलेला संबंध आणि रूढी किंवा प्रयोजन. वाक्प्रचार हे रूढिलक्षणेचे क्षेत्र होय. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्याने 'बादलीला लाथ मारली' असे पात्र म्हणते, तेव्हा मुख्यार्थ उघडच बाधित होतो आणि वाचक सावध होतो. कोश त्याला 'मरणे' हा अर्थ देतो. परंतु 'किक द बकेट'मधील बेपर्वाई 'निधन पावणे'मध्ये नाही. ती 'गचकणे'मध्ये आहे. हा फरक सुटला, तर मृताविषयी बोलणाऱ्याच्या मनात काय आहे, हेच सुटते.

दुसरा प्रकार अधिक फसवा आहे. 'पुलिंग माय लेग' वाचताच मराठी वाचकाला 'पाय ओढणे' आठवते. मराठीत पाय ओढणे म्हणजे दुसऱ्याच्या उत्कर्षात अडथळा आणणे. इंग्रजीत ती केवळ थट्टा. येथे बाध होतो, पण रिकाम्या जागी आपल्या भाषेची रूढी येऊन बसते आणि दोन मित्रांतील चेष्टा वैरासारखी भासू लागते. उलट 'वाइज गाय' हा प्रयोग मराठी वाचकाला सहज कळावा; कारण 'मोठा शहाणा लागून गेलास' यातला शहाणाही शहाणा नसतोच.

तिसऱ्या प्रकारात बाधच जाणवत नाही. एक पात्र म्हणते, पगार पुरत नाही. दुसरे म्हणते, 'टेल मी अबाउट इट'. वाच्यार्थ घेतल्यास ही विचारपूस ठरते. अभिप्रेत असते ते 'मला काय सांगतोस, माझी तीच गत आहे'. आर्थी व्यंजनेच्या विवेचनात वक्ता, श्रोता, काकू, प्रस्ताव, देश, काल यांचे वैशिष्ट्य सांगितले आहे, ते येथे उपयोगी पडते. छापील पानावर काकू ऐकू येत नाही. म्हणून ती प्रतिसादावरून ओळखावी लागते. पहिला वक्ता हकीकत पुढे सांगू लागला तर ती विचारपूस. नुसती मान हलवून गप्प राहिला तर बहुधा सहमती. म्हणून वाक्प्रचार एकटा न वाचता आधीची उक्ती, ती उक्ती आणि नंतरची उक्ती असे तीन टप्पे एकत्र वाचावेत; कोश त्यानंतर उघडावा.

हे कौशल्य आपल्या विद्यार्थ्याला परके नाही. कळंब परिसरातील भास्कर चंदनशिव यांच्या कथांतील बोली पुण्यामुंबईच्या वाचकाला प्रसंगावरून उलगडावी लागते. धाराशिवच्या विद्यार्थ्याला ती कानाने कळते. 'काय करायलास?' हा प्रश्न केव्हा चौकशी असतो आणि केव्हा दटावणी, हे त्याला कोणी शिकविलेले नसते. धारवाडला इंग्रजीचे अध्यापन करणाऱ्या जी. ए. कुलकर्णी यांनी कॉनरॅड रिश्टरच्या 'द ट्रीज' (१९४०), 'द फील्ड्स' (१९४६) आणि 'द टाउन' (१९५०) या कादंबऱ्या 'रान', 'शिवार' आणि 'गाव' या नावांनी मराठीत आणल्या. ओहायोच्या रानात वसाहत करणाऱ्यांच्या जुन्या ग्रामीण बोलण्याशी तेथे अनुवादकाची गाठ होती. 'फील्ड्स'साठी 'शेते' न घेता 'शिवार' घेणे, ही निवड कोशातून आलेली नाही.

ग्रामीण भागातील विद्यार्थी इंग्रजी संवादापुढे बिचकतो आणि त्याचे कारण आपल्या बोलीत शोधतो. वस्तुतः शब्दामागचा सूर ओळखण्याचे शिक्षण त्याला त्या बोलीनेच दिलेले असते. अध्यापकाने अर्थांच्या याद्या पाठ करवून घेण्यापूर्वी 'हे वाक्य तुमच्या गावात कोण, कोणाला, केव्हा म्हणेल?' असा प्रश्न वर्गात विचारावा. त्याचे उत्तर जुळले, तर अर्थ जवळ आला. जुळले नाही, तर दोन भाषांच्या रूढी नेमक्या कोठे वेगळ्या होतात, ते कळले. तौलनिक अभ्यासाला ही दोन्ही उत्तरे सारखीच मोलाची आहेत.