हाताने चालतं, बूट होताना का चालत नाही?

स्क्रिप्ट हाताने चालवली तर चालते, पण मशीन रीस्टार्ट केलं की गप्प बसते, हा युनिक्सवाल्यांचा जुना छळ आहे. आमच्या होस्टेलच्या लॅनवर जुन्या प्रश्नपत्रिका ठेवलेल्या फ्रीबीएसडी मशीनने ऐन पीएलमध्ये हेच केलं. लाईट गेली, आली, मशीन पिंगला उत्तर देतंय, पण पान उघडेना. लगेच 'हार्ड डिस्क गेली', 'फॉरमॅट मार' असे सल्ले सुरू! (फॉरमॅट हे आपल्याकडे क्रोसिनसारखं आहे.)

आधी बूट कसं होतं ते बघू. कर्नल 'इनिट'ला उठवतो आणि इनिट 'आरसी' ही साधी शेल स्क्रिप्ट चालवतो. ती 'आरसी-ऑर्डर'कडून बाकीच्या स्क्रिप्ट्सचा क्रम लावून घेते. ही पद्धत नेटबीएसडी १.५ मध्ये २००० साली आली आणि २००३ च्या फ्रीबीएसडी ५.० मध्ये उचलली गेली.

पहिलं काम म्हणजे 'डीमेसेज' कमांड 'मायनस ए' लावून चालवणं. नुसत्या डीमेसेजमध्ये कर्नलचंच बोलणं दिसतं. 'ए' लावला की कन्सोलवरून सरकून गेलेल्या ओळीही मिळतात. आमच्याकडे तिथे स्वच्छ लिहिलं होतं: पायथन-३, नॉट फाउंड.

पण पायथन तर मशीनवर होता! खरी गोम पाथमध्ये आहे. बूटच्या वेळी आरसी पाथमध्ये चारच डिरेक्टरी ठेवते: एसबिन, बिन आणि यूएसआरखालच्या याच दोन. पॅकेजमधून टाकलेला पायथन बसतो 'यूएसआर-लोकल-बिन'मध्ये. आपण लॉगिन करतो तेव्हा आपल्या पाथमध्ये ती जागा असते, म्हणून हाताने सगळं चालतं. स्क्रिप्टमध्ये पायथनचा पूर्ण पाथ लिहिला आणि काम झालं.

ही चाचणी करायला दर वेळी रीबूट नको. स्क्रिप्ट थेट न चालवता 'सर्व्हिस' कमांडने चालवा. ती तुमचं एन्व्हायर्नमेंट पुसून तोच चार डिरेक्टरींचा पाथ देते, त्यामुळे बूटला जे फसणार ते इथेच फसतं.

पाथ बरोबर असेल तर क्रम बघा. स्क्रिप्टच्या डोक्यावरची 'रिक्वायर'ची ओळ कॉमेंटसारखी दिसते, पण आरसी-ऑर्डर तीच वाचतो. एक हॅश आणि एक स्पेस, एवढंच त्याला कळतं. शोभेसाठी दोन हॅश टाकलेत तर ओळ गेली. आणि 'आरसी डॉट कॉन्फ'मध्ये सर्व्हिस 'एनेबल' केलीये ना, हेही बघा. नसेल तर बूटला ती सुरूच होत नाही.

याच आरसी डॉट कॉन्फला मात्र जपून हात लावा. ती सेटिंगची यादी वाटते, पण शेल ती प्रोग्रामसारखी वाचतं. एखादा कोट बंद करायचा राहिला तर मशीन अर्ध्यात थांबून सिंगल-यूझरमध्ये येतं. घाबरू नका, एंटर मारा, शेल मिळेल. फाइल सेव्ह होणार नाही, कारण रूट रीड-ओन्ली असते. यूएफएस डिस्क असेल तर 'माउंट मायनस यू' देऊन पुढे रूटचा स्लॅश द्या, मग 'माउंट मायनस ए', मग व्हीआयमध्ये कोट दुरुस्त करा. बाहेर पडण्याआधी त्या फाइलवर 'एसएच मायनस एन' चालवा. शेल काहीही न चालवता फक्त व्याकरण तपासतं आणि चूक असली तर ओळीचा नंबर सांगतं.