तेरवीच्या घरात सही नको

माणूस गेलेल्या घरात बाईला पहिले काही दिवस एकच काम उरतं, मान हलवायचं. चहा घ्या, हो. जरा पडा, हो. तेरवीला बुंदी करायची का, तुम्ही म्हणाल तसं. डोकं बधिर झालेलं असतं आणि जो तो प्रेमानंच बोलत असतो, त्यामुळे नाही म्हणायचं सुचतच नाही. मला सांगायचं आहे ते या मान हलवण्याबद्दल.

हे गेले तेव्हा मी साठी ओलांडली होती. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाले होते. जन्मभर पोरांना गणित शिकवलं, पण घरचं वावर, बँक, तहसील सगळं यांच्याकडे. तेरवीच्या आदल्या संध्याकाळी दीर एक कागद घेऊन बसले. "वयनी, तुम्ही वावराचं काय करान? पोरगा पुण्याले. आमचा वाहूनच रायला. नावावर होऊन जाऊ द्या, मांगं कटकट नको." हक्कसोडपत्राचा मसुदा होता. त्यांच्या मनात डाव होता असं मला आजही वाटत नाही. मी हो म्हटलं, पेन घेतलं आणि चष्मा शोधायला लागले. देवघरात नाही, फ्रिजवर नाही, उशीखाली नाही. तेवढ्यात आचारी आला, पत्रावळींचा हिशेब निघाला आणि कागदाची घडी कपाटावर गेली. चष्मा दुसऱ्या दिवशी यांच्या शर्टाच्या खिशात सापडला. दवाखान्याच्या धावपळीत मीच ठेवला असणार. वावर राहिलं ते असं, माझ्या हुशारीनं नव्हे.

नुसत्या सहीनं हक्क जात नाही, दुय्यम निबंधकाकडे नोंदणी व्हावी लागते, हे वकिलानं पुढे समजावलं. पण घरात सही केलेली बाई आठ दिवसांनी गाडीत बसून निबंधकाकडेही जाते. तिथेही ती मानच हलवते.

म्हणून कामांचे दोन ढीग करा. ज्याला तारीख आहे ते लगेच, आणि जे परत फिरवता येत नाही ते वर्षभर नाही. मृत्यूची नोंद २१ दिवसांत व्हायला हवी. माणूस दवाखान्यात गेला असेल तर ती दवाखाना करतो, घरी गेला असेल तर ते आपलं काम. दाखल्याच्या प्रती भरपूर काढा, प्रत्येक खिडकीवर एक ठेवून घेतात. पेन्शन असेल तर बँकेत आणि कोषागारात कळवा. कुटुंब निवृत्तिवेतन आपोआप सुरू होत नाही. शेतीची वारसनोंद तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे द्यायची. मग नमुना ९ची नोटीस निघते, हरकतीला १५ दिवस असतात. हिंदू वारसा कायद्यात विधवा, मुलगे, मुली आणि गेलेल्याची आई असेल तर ती, सगळ्यांना सारखा वाटा आहे. बँकेत नाव लावलेला नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, तो वारसांच्या वतीनं पैसे घेतो. हे घरातल्या तरुणांनाही माहीत नसतं. माझ्या मुलाला नव्हतं.

दुसऱ्या ढिगात हक्कसोड, बक्षीसपत्र, घर विकणं, सोनं वाटणं. बक्षीसपत्र पुढेमागे केलंच, तर आपल्याला सांभाळण्याची अट त्यात लिहूनच घ्या. ज्येष्ठ नागरिकांच्या २००७च्या कायद्यातलं कलम २३ अशा अटीवर उभं आहे. अट मोडली तर ते पत्र रद्द करून मागता येतं.

मुलगा पुण्याला घेऊन गेला. सून गुणाची आहे, कशाला हात लावू देत नव्हती. त्या फ्लॅटमध्ये मला रडायला सवड होती आणि दुसरं करायला काहीही नव्हतं. "कळंबचं घर काढून टाकू आई, बंद घर खराब होतं," असं तो म्हणायला लागला तेव्हा मी एवढंच म्हटलं की वर्षभर हा विषय नको. माघात चिंतामणी गणपतीच्या यात्रेसाठी म्हणून कळंबला आले. गुडघे सांभाळत देवळाच्या पायऱ्या उतरून खाली कुंडापाशी गेले, वर आले, घर उघडलं, झाडलं आणि राहिले. परतीचं तिकीट मुलानंच रद्द केलं, थोडा रागावून.

त्या दिवसांत मला आठवायची ती आमच्याच तालुक्यातल्या राजूरची वैशाली येडे. शेतकरी नवऱ्यानं २०११मध्ये जीव दिला, पदरात लेकरं, अंगणवाडीतलं काम. जानेवारी २०१९मध्ये यवतमाळला ९२वं मराठी साहित्य संमेलन झालं तेव्हा उद्घाटनाचा मान तिला मिळाला. उद्घाटनासाठी लेखिका नयनतारा सहगल यांना दिलेलं निमंत्रण मागे घेतल्यावर उडालेल्या गदारोळातून ते घडलं, हेही खरं. तिला आधी ओळख मिळाली ती 'तेरवं' या नाटकातून. श्याम पेठकरांनी लिहिलेलं, हरीश इथापेंनी बसवलेलं आणि शेतकऱ्यांच्या विधवांनीच उभं केलेलं. मी पेन्शनवाली बाई, तिच्या दुःखाशी माझं मोजू नये. पण तिला माईकसमोर पाहताना मला वाटलं होतं की हिला हे बोलणं कुणी शिकवलं नसेल, ते आतच होतं. महिला किसान अधिकार मंचानं २०१८मध्ये विदर्भ-मराठवाड्यातल्या अशा बायांची पाहणी केली. त्यात ४० टक्के बायांना त्या कसत असलेल्या जमिनीवर हक्कच मिळालेला नव्हता. चष्मा न सापडण्याचं नशीब सगळ्यांचं नसतं.

पावसाळ्यापूर्वी वाट्याचं वावर मक्त्यानं द्यायचं की वाहायचं, हा प्रश्न आला. वाहायचं ठरवलं. दिरांच्या पोरानंच मदत केली. कपाशी लावली, तुरीची तासं घातली. वेचणीच्या पहिल्या दिवशी सीतादहीच्या पूजेचा दहीभात, विधवा असून, मी स्वतः शिंपडला. वेचणाऱ्या बायांनी एकमेकींकडे पाहिलं आणि कामाला लागल्या. कोल्हापूरकडच्या हेरवाडनं २०२२मध्ये विधवा प्रथांविरुद्ध ठराव केला, सरकारनं मग बाकीच्या गावांसाठी परिपत्रकही काढलं. आमच्याकडे परिपत्रक कुणी वाचलं असेल असं नाही. काम थांबायला नको होतं, एवढंच.

कापूस घेऊन जिनिंगवर गेले. गाडीवरच्या कापसात मीटर खुपसून माणूस म्हणाला, "ओलावा तेरा." हमीभावाच्या खरेदीत आठ टक्के प्रमाण धरतात, बारापर्यंत कपात करून घेतात, वर गेला की परत. लांब धाग्याला २०२५-२६चा हमीभाव ८११० रुपये, आणि हा व्यापारी त्याच मोजमापावर बोट ठेवून भाव पाडत होता. मागून आमची मजूर बाई पुटपुटली, "दहिवरानं वरचाच ओला हाय बाई, मंधातला पाहा म्हना." मी म्हटलं, मधला बघा. तो म्हणे एकदा बघितलं. मी म्हटलं, पोरांचे पेपर मी दोनदा तपासत होते, तुम्ही मीटर दोनदा लावा. चार माणसं गोळा झाली. मधला कापूस अकरा निघाला. भाव हमीपर्यंत नाहीच गेला, पण पाडलेला वर आला.

घरी येताना मला जाणवलं की मजा आली. भांडायला मजा येते मला! इतकी वर्षं हे भांडायचे, मी मागे उभी राहून "जाऊ द्या ना" म्हणायची. हे हयात असते तर माझा हा गुण मला कळला नसता, असं मी एकदा मैत्रिणीला म्हटलं, तर ती दचकली. दचकण्यासारखं त्यात काही नाही. त्याच रात्री भाव सांगायला शेजारच्या खाटेकडे वळले आणि पुन्हा रडले. मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शुट या नेदरलँड्समधल्या अभ्यासकांनी १९९९मध्ये हेच मांडलं आहे. शोकातलं माणूस गेलेल्याकडे आणि पुढच्या जगण्याकडे आळीपाळीनं जातं, आणि हे जाणंयेणंच निरोगी. तेव्हा ज्या दिवशी हसू आलं त्या दिवशी स्वतःला अपराधी धरू नका, आणि वर्षानं रडू आलं तर काही बिघडलं असंही समजू नका.

बिघडलं ते वेगळं ओळखू येतं. महिनोन्महिने दुःख तितकंच धारदार राहतं, जेवण सुटतं, बीपीच्या गोळ्या मुद्दाम राहतात, आपणही जावं असं वाटत राहतं. तिथे देवधर्म पुरत नाही. १४४१६ हा टेलि-मानसचा नंबर फुकट आहे, मराठीत बोलता येतं. त्यासाठी वेडं असावं लागत नाही. आमच्या पिढीला हे वाक्य मोठ्यानं सांगावं लागतं.

दिरांशी बोलणं आहे. तो मसुदा मी त्यांनाच परत दिला, त्यांनी काही न बोलता घेतला. वाटणीची मोजणी अजून व्हायची आहे. तारीख लागली की दोघं मिळून धुऱ्यावर उभं राहायचं ठरलंय.