वर्गातील वृत्तपत्र

शाळकरी मुलांसाठी स्वतंत्र वृत्तपत्र काढण्याची प्रथा अमेरिकेत जुनी आहे. ‘करंट इव्हेंट्स’ हे पत्र १९०२ साली सुरू झाले. १९२८ साली निघालेल्या ‘माय वीकली रीडर’ या साप्ताहिकाने प्राथमिक शाळांतील मुलांच्या अनेक पिढ्यांना बातमी वाचण्याची सवय लावली. हे साप्ताहिक २०१२ साली बंद पडले. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्क येथील ‘न्यूसेला’ हे संगणकावर वाचावयाचे वृत्तपत्र वर्गांसाठी खुले झाले.

या दोहोंतील मुख्य भेद कागद आणि पडदा यांतील नव्हे. छापील साप्ताहिकाच्या आवृत्त्या इयत्तेनुसार निघत. परंतु एकाच इयत्तेतील मुलांची वाचनशक्ती सारखी नसते. मागे पडलेल्या मुलाच्या हाती खालच्या इयत्तेचा अंक दिला, तर त्याचे उणेपण साऱ्या वर्गास दिसते आणि त्याची बातमीही निराळी होते. न्यूसेलामध्ये एकच बातमी पाच वाचनस्तरांवर लिहिलेली असते. त्यामुळे प्रत्येक मूल आपल्या कुवतीचा मजकूर वाचून एकाच चर्चेत भाग घेऊ शकते. हा लाभ लहान नाही.

तथापि सुलभीकरणास किंमत मोजावी लागते. उदाहरणार्थ, पुढील वाक्य पाहा : ‘सॅमन माशांना उगमाकडे जाता यावे म्हणून क्लॅमथ नदीवरील चार धरणे २०२४ पर्यंत पाडण्यात आली, मात्र जलाशयाकाठच्या काही रहिवाशांनी त्यास विरोध केला होता.’ हेच सोपे करताना ‘चार धरणे पाडली. मासे वर जाऊ शकतात. काही लोक नाराज होते’ असे तीन तुकडे पडू शकतात. तपशील जवळजवळ सारेच उरले. गेले ते ‘म्हणून’ आणि ‘मात्र’. म्हणजेच कार्यकारणाचा आणि मतभेदाचा धागा तुटला. जे मूल सदैव खालच्या स्तरावरच राहते, त्यास घटना कळतात. त्यांचा परस्परसंबंध कळेलच असे नाही.

यावर उपाय शिक्षकाच्या हाती आहे. मुलांनी प्रथम सोपा पाठ वाचावा. नंतर त्यातील एकच परिच्छेद वरच्या स्तरावर सर्वांनी मिळून वाचावा आणि कोणत्या शब्दांनी वाक्ये जोडली आहेत, ते शोधावे. अशा रीतीने सोपा पाठ हा मुक्काम न राहता वाटेतील विसावा ठरतो.

दुसरी मर्यादा अधिक गंभीर आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, माध्यमिक शाळेतील ८० टक्क्यांहून अधिक मुलांनी ‘प्रायोजित’ असे स्पष्ट लिहिलेली जाहिरात खरी बातमी मानली. मुलांसाठी निवडून, पारखून दिलेल्या मजकुरात अशी फसगत सहसा होत नाही; म्हणूनच ती ओळखण्याचा सरावही तेथे होत नाही. तेव्हा हे कोण सांगतो, त्यास ते कसे कळले आणि त्यासाठी पैसे कोणी दिले, हे तीन प्रश्न प्रत्येक बातमीस विचारण्याची सवय वर्गातच लागली पाहिजे. मोठ्यांच्या वृत्तपत्रांकडे वळल्यावर त्या मुलास हीच सवय उपयोगी पडेल.