नंदनवनाचे माळरान : 'हीथ' या शब्दाच्या अनुवादाच्या निमित्ताने

पदव्युत्तर वर्गात अनुवादाचा तास घेताना थॉमस हार्डीच्या 'द रिटर्न ऑफ द नेटिव्ह' (१८७८) या कादंबरीतील एगडन हीथचे वर्णन मी दरवर्षी विद्यार्थ्यांपुढे ठेवतो. पहिली अडचण शीर्षस्थानीच येते. 'हीथ'ला मराठीत काय म्हणावे? यंदाही फळ्यावर नेहमीचे पर्याय आले : पडीक जमीन, ओसाड रान, नापीक भूमी, उजाड प्रदेश. तेवढ्यात पेडण्याकडच्या एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, हा आमचा सडाच नव्हे?"

या प्रश्नाने तासाची दिशा बदलली. फळ्यावरचे चारही शब्द तिथे काय नाही तेवढेच सांगत होते : पीक नाही, वस्ती नाही, झाड नाही. 'सडा' हा शब्द मात्र तिथे काय आहे ते सांगणारा होता. हा फरक केवळ कोशाचा नाही. त्यावर जमिनीचे भवितव्य ठरते, हे दाखवण्याचा प्रस्तुत लेखात प्रयत्न आहे.

१. हीथ म्हणजे काय?

इंग्लंडच्या दक्षिणेकडील डॉर्सेट परगण्यात हार्डीचा जन्म झाला (१८४०). त्याच्या जन्मघरामागूनच हा प्रदेश सुरू होतो. वाळूमिश्रित, आम्लधर्मी, निकस जमीन. तीवर हेदरची जांभळी झुडपे, गॉर्सची पिवळी काटेरी जाळी आणि सखल भागात पाणथळ दलदल. 'एगडन' हे नाव कल्पित असले तरी भूमी खरी आहे.

हा प्रदेश अस्पर्श निसर्ग आहे असे मानणे मात्र चूक ठरेल. काही हजार वर्षांपूर्वी माणसाने जंगल तोडले. पुढे गुरे चारून, सरपणासाठी गॉर्स आणि मातीचे ढेकूळ कापून त्याने ही भूमी मोकळी ठेवली. कादंबरीचा नायक क्लिम पॅरिसहून परततो आणि दृष्टी अधू झाल्यावर गॉर्स कापण्याचे काम पत्करतो. त्याचे ते काम म्हणजे हीथ टिकवणाऱ्या जुन्या व्यवहाराचाच भाग होय. वापर थांबला की पाइन आणि बर्चची झाडे शिरतात व हीथ संपते.

२. वाइल्डीव्हचा तुकडा

कादंबरीत एक छोटा तपशील आहे, तो वाचक सहसा ओलांडून जातो. वाइल्डीव्हच्या खाणावळीजवळ हीथमधून काढलेला लागवडीचा एक तुकडा आहे. तो प्रथम नांगरणारा कष्टाने मेला. त्याच्यामागून आलेला खत घालता घालता कंगाल झाला. आणि आयत्या शेताचा मान वाइल्डीव्हला मिळाला. 'सुधारणा' या शब्दाची खरी किंमत हार्डीने इथे मांडली आहे.

पुढच्या काळात यंत्रे, चुना आणि रासायनिक खते आली आणि असे तुकडे सर्वत्र झाले. डॉर्सेटमध्ये अठराव्या शतकाच्या मध्यास सुमारे ४०,००० हेक्टर हीथ होती. १९७०च्या दशकाच्या अखेरीस जेमतेम ६,००० हेक्टर उरली, तीही विखुरलेली. शेतीबरोबरच वनलागवड आणि शहरवाढ यांनीही आपला वाटा उचलला. आपल्याकडच्या वृत्तपत्रांनी याला 'माळरानाचे नंदनवन' म्हटले असते.

३. उलटा प्रवास

आज त्याच डॉर्सेटमध्ये नंदनवनाचे पुन्हा माळरान करण्याचा उद्योग चालला आहे. २०२० मध्ये तीन जुनी राखीव क्षेत्रे आणि त्यांच्या मधली व भोवतालची जमीन जोडून 'पर्बेक हीथ्स' हे ३,३३१ हेक्टरांचे राष्ट्रीय निसर्ग राखीव क्षेत्र जाहीर झाले. सात निरनिराळे जमीनधारक व व्यवस्थापक त्यात एकत्र आले. विखुरलेले तुकडे जोडायचे, तर मधली शेते आणि कुरणेही पुन्हा हीथ व्हावी लागतात.

पण शेत नुसते सोडून दिले म्हणजे हीथ होत नाही. चुन्यामुळे जमिनीची आम्लता गेलेली असते आणि खतांतले स्फुरद दशकानुदशके मातीत राहते. अशा सकस मातीत जोमदार गवते माजतात. हेदर त्यांच्यापुढे टिकत नाही. म्हणून सुपीकता काढून घ्यावी लागते. कुठे मातीचा वरचा थर खरवडून नेतात. कुठे खत न घालता पिके घेऊन ती बाहेर काढतात. पर्बेकमध्ये कुरणांवर गंधक पसरून पाहिले गेले; मातीतले जिवाणू त्याचे आम्ल करतात आणि जमीन पुन्हा आंबट होते. मग जवळच्या हीथवरून हेदरच्या बियांसकट कापलेल्या फांद्या आणून अंथरतात. पुढे गुरे, घोडे, डुकरे सोडतात. त्यांच्या चरण्याने आणि उकरण्याने भूमी मोकळी राहते. ब्रिटनमधील सरपटणाऱ्या प्राण्यांच्या सहाही देशी जाती या पट्ट्यात आढळतात. त्यांना उघडी, तापणारी वाळू लागते. ती दाट गवतात मिळत नाही.

शेतजमीन अशी 'बिघडवावी' का, हा आक्षेप रास्त आहे. शेतकऱ्याच्या घरातून आलेले आमचे विद्यार्थी तो घेतातच, आणि अन्नाचा प्रश्न टाळता येणार नाही. मात्र ही मुळात निकस जमीन होती. तिचे पीक उसन्या चुन्यावर आणि खतावर उभे होते. शिवाय इथे माणसाला हाकलायचे नाही. गुरांशिवाय आणि राखणदाराशिवाय हीथ जगत नाही.

४. शब्द कोणाच्या तोंडी?

मध्ययुगीन इंग्रजी जमीनव्यवहारातही अशा भूमीला 'वेस्ट' म्हणत. आपल्या महसुली दप्तरात 'पडीक' आणि 'पोटखराबा' आहेत. देशपातळीवर 'पडीक जमिनींचा नकाशासंग्रह' निघतो, त्यात झुडपी माळही मोडतात. एकदा का माळाला पडीक म्हटले, की त्यावर काहीही उभारणे ही सुधारणाच ठरते. उलट 'माळढोक' या पक्ष्याच्या नावातच माळ आहे. माळ नाहीसा झाला की त्या नावाचा अर्धा अर्थ जातो.

सडा म्हणजे हीथ नव्हे, हेही विद्यार्थ्यांना सांगावे लागते. सडा जांभ्या दगडाचा, पावसाळ्यात फुलणारा, उन्हाळ्यात करपणारा. तरी निकस भूमीची एक खूण दोन्हीकडे सारखी आहे : दवबिंदू, म्हणजे ड्रोसेरा ही कीटकभक्षी वनस्पती डॉर्सेटच्या ओल्या हीथवर आहे आणि तिच्या भगिनी आपल्या सड्यांवर व कासच्या पठारावर आहेत. मातीत जे मिळत नाही ते ती कीटकांतून मिळवते. तिच्या दृष्टीने ही भूमी नापीक नाही.

मग अनुवाद कसा करावा? माझे मत असे, की एकच प्रतिशब्द ठरवू नये. निवेदकाच्या भाषेत 'माळ' किंवा 'माळरान' यावे, आणि स्थलनाम म्हणून 'एगडन हीथ' तसेच राहावे. युस्टेशियाला हीथ तुरुंगासारखी वाटते. तिच्या तोंडी 'ओसाड' शोभतो. वाइल्डीव्हच्या मनात 'पडीक' असेल. क्लिमच्या बोलण्यात मात्र 'आमचा माळ' हवा. भूमी एकच, शब्द बदलला की पाहणारा कोण ते कळते.

५. वर्गासाठी

अध्यापकांनी हा पाठ घेताना तीन कामे द्यावीत. एक : विद्यार्थ्यांनी आपल्या गावच्या मोकळ्या जमिनीसाठी घरात वापरले जाणारे शब्द गोळा करावेत, सडा, माळ, गायरान, कुरण, खडक, जे असेल ते. दोन : त्याच जमिनीला सरकारी कागदात काय म्हटले आहे ते शोधावे. तीन : दोन्ही शब्द वापरून एकेक परिच्छेद लिहावा आणि कोणत्या परिच्छेदात ती जमीन विकणे सोपे वाटते ते पाहावे.

पेडण्याच्या त्या विद्यार्थिनीने आपल्या अनुवादात 'पडीक' हा शब्द एकदाच वापरला. तोही वाइल्डीव्हच्या तुकड्याविषयी, नांगर लागण्यापूर्वीच्या त्याच्या स्थितीला. मी तो खोडला नाही.