मायची चाळिशी सुटली, माझी लागली!

प्रश्न : माझं वय 44. मेडशीच्या थांब्यावर उभा राहिलो की अकोल्याहून येणाऱ्या एसटीची पाटी मी सगळ्यांच्या आधी वाचतो. पण कृषी केंद्रातून आणलेल्या औषधाच्या बाटलीवर किती पाण्यात किती मिली टाकायचं, ते वाचता येत नाही. बाटली हात लांब करून धरावी लागते. अंगणात उन्हात नेली की थोडं लागतं. माझी माय सत्तरीची आहे. वीस वर्षं तिला चाळिशीशिवाय सुई ओवता येत नव्हती. या वर्षी तिनं चष्मा काढून ठेवला आणि आता तशीच गोधडी शिवते, तांदळातले खडे वेचते. शेजारच्या बाया म्हणतात, म्हातारपणी नजर परत येते. हे खरं का? मग माझीही येईल का? की आत्ताच चष्मा घेऊ? घेतला की नंबर वाढत जातो म्हणतात.
– एक वाचक, मेडशी (ता. मालेगाव, जि. वाशिम)

उत्तर : आधी तुमच्या मायबद्दल सांगतो, कारण तपासणीची घाई त्यांच्या डोळ्यांना जास्त आहे. त्यांची नजर परत आलेली नाही. बहुधा त्यांना मोतीबिंदू सुरू झाला आहे. घाबरण्याचं कारण नाही, पण आनंदाची बातमी समजून गप्प बसू नका. असं का होतं ते कळायला डोळ्यातल्या भिंगाची गोष्ट समजून घ्यावी लागेल. तुमची तक्रार आणि त्यांचा चमत्कार या दोन्हींचं मूळ त्याच भिंगात आहे.

बाहुलीच्या मागे हे पारदर्शक भिंग बारीक तंतूंनी टांगलेलं असतं. भोवती स्नायूंचं कडं असतं. लांब पाहताना तंतू ताणलेले असतात आणि भिंग चपटं राहतं. जवळ पाहताना कडं आवळतं, तंतू सैल पडतात आणि भिंग फुगीर होतं. फुगलं की त्याची ताकद वाढते आणि जवळचं अक्षर स्पष्ट दिसतं. हे दिवसातून हजारो वेळा आपोआप होत असतं.

पण त्वचेच्या जुन्या पेशी गळून जातात, तशा भिंगाच्या जात नाहीत. नवे थर जुन्यांवर चढत राहतात, कांद्याच्या पाकळ्यांसारखे. गाभा दाबला जातो, दरवर्षी थोडा घट्ट होतो. स्नायू कडं आवळतो, तंतू सैल पडतात, पण भिंग पूर्वीसारखं फुगत नाही. यालाच आपण चाळिशी म्हणतो. मराठीत हा शब्द वयालाही आहे, नजरेच्या या बदलालाही आणि त्यावरच्या चष्म्यालाही.

हे नेमकं चाळिशीतच का जाणवतं? दहा वर्षांच्या मुलाचं भिंग सुमारे 14 नंबरची जास्तीची ताकद काढू शकतं. चाळिसाव्या वर्षी ती साधारण 5 उरते, पन्नाशीत 2 आणि साठीत जेमतेम 1. पेपर 33 सेंटिमीटरवर धरून वाचायला 3 नंबरची ताकद लागते. पाच असताना तीन पुरायला हवेत. पण डोळा पूर्ण ताकद सतत लावू शकत नाही, थकवा न येता अर्धीच वापरतो. पाचाचे अर्धे अडीच. गरज तिनाची. तूट अर्ध्याची आली की हात लांब होऊ लागतो. ही घसरण लहानपणापासूनच चालू होती, चाळिशीत ती गरजेच्या खाली गेली एवढंच.

उन्हात का दिसतं? प्रखर उजेडात बाहुली बारीक होते. बारीक भोकातून येणारा प्रकाश कमी पसरतो आणि अक्षर जरा रेखीव दिसतं. दुकानाच्या अंधुक कोपऱ्यात बाहुली मोठी होते, अक्षर फिसकटतं. म्हणून वाचताना, शिवताना दिवा मागून किंवा बाजूने, थेट कामावर पडेल असा ठेवा.

चष्मा घालवणारे थेंब म्हणून ज्यांच्या बातम्या येतात, ते याच तत्त्वावर चालतात. पायलोकार्पिन हे औषध बाहुली आकसवतं. अमेरिकेत 2021 साली चाळिशीसाठी असे थेंब मंजूर झाले. भारतात 2024 साली मुंबईच्या एका कंपनीला परवानगी मिळाली, पण जाहिरातीतल्या दाव्यांवरून औषध नियंत्रकांनी त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ती स्थगित केली. हे थेंब भिंग मऊ करत नाहीत. परिणाम काही तासांचा असतो आणि बाहुली आकसल्यामुळे रात्री अंधुक दिसू शकतं. डोळ्यांचे व्यायाम, गाजर, मध यांनीही भिंगाचा गाभा मऊ होत नाही. मध तर डोळ्यात घालूच नका.

चष्मा घेतला की नंबर वाढतो का? नंबर वाढतो, पण चष्म्यामुळे नाही. चष्मा लावला काय, न लावला काय, भिंग आपल्या गतीने घट्ट होतच राहतं. साधारण 1 पासून सुरू झालेला जवळचा नंबर पन्नाशीत 2 च्या आसपास जातो आणि साठीनंतर अडीच-तीनवर बहुतेकांचा थांबतो. चष्मा टाळून यातलं काहीच वाचत नाही. डोकं मात्र दुखतं आणि कामात चुका होतात.

तुमच्या बाबतीत ही चूक महागात पडू शकते. कीटकनाशकाच्या बाटलीवर विषाची तीव्रता सांगणारा रंग असतो: लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा, शेवटी हिरवा. तो बिनचष्म्यानेही दिसेल. पण मात्रा, फवारणीनंतर किती दिवसांनी काढणी करायची, विषबाधेवरचा उतारा, हे सगळं बारीक अक्षरात असतं. अंदाजाने मिली मोजण्यापेक्षा चष्मा लावणं किती तरी शहाणपणाचं.

आसामच्या चहामळ्यांत चाळिशी ओलांडलेल्या 751 मजुरांचा एक अभ्यास झाला, तो 2018 साली प्रसिद्ध झाला. निम्म्यांना जवळचा साधा चष्मा दिला, निम्म्यांना अभ्यास संपल्यावर दिला. आधी चष्मा मिळालेल्यांची पानखुडणी दुसऱ्या गटापेक्षा सुमारे 22 टक्क्यांनी जास्त वाढली. चष्मा फक्त लिहिणाऱ्या-वाचणाऱ्यांसाठी असतो, हा समज खुरपणाऱ्या, बियाणं निवडणाऱ्या, शिवणकाम करणाऱ्या हातांचं रोज नुकसान करतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2019 च्या अहवालानुसार चाळिशी असूनही योग्य चष्म्यावाचून राहिलेले लोक जगात 82 कोटींहून जास्त आहेत.

मग मायचं काय झालं? भिंगाचा गाभा वयानुसार फक्त घट्ट होत नाही, काहींच्या बाबतीत तो पिवळट-तपकिरी आणि दाटही होतो. मोतीबिंदूचा हा एक प्रकार आहे. दाट गाभा प्रकाश जास्त वाकवतो, म्हणजे भिंगाची ताकद वाढते आणि डोळा लघुदृष्टीचा होतो. जणू डोळ्याच्या आतच जवळचा चष्मा बसला. सुईचं नेढं दिसू लागतं, पण त्याची किंमत लांबच्या नजरेला मोजावी लागते. त्यांना विचारून पाहा: अंगणापलीकडून येणारा माणूस ओळखू येतो का? समोरून येणाऱ्या गाडीचे दिवे फार चमकतात का? रंग मळकट वाटतात का? उत्तर होय असो वा नसो, तपासणी कराच. रक्तातली साखर वाढल्यावरही काही दिवस नजर अशी बदलते, म्हणून साखरही तपासून घ्या. गाभा आणखी दाटला की जवळचंही पुन्हा अंधुक होईल.

मोतीबिंदू पिकायची वाट पाहण्याचे दिवस गेले. रोजच्या कामात अडचण येऊ लागली की शस्त्रक्रिया करता येते. उलट फार पिकू दिला तर डोळ्यातला दाब वाढून काचबिंदूचा धोका असतो.

काय करावं? मेडशी अकोला-वाशिम रस्त्यावर आहे. वाशिमचं जिल्हा रुग्णालय किंवा अकोल्याचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, जिकडे सोयीचं पडेल तिकडे दोघंही एकाच दिवशी जा. राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रमात मोतीबिंदूची शस्त्रक्रिया मोफत होते आणि वृद्धांना जवळचा चष्मा देण्याचीही तरतूद आहे. 65 वर्षांवरच्यांसाठी राज्याने 2024 साली मुख्यमंत्री वयोश्री योजना आणली. तिच्यातल्या 3000 रुपयांतून चष्मा घेता येतो. वार्षिक उत्पन्न दोन लाखांच्या आत लागतं.

तुम्ही फक्त नंबर काढून परत येऊ नका. चाळिशीनंतर डोळ्याचा दाब आणि मागचा पडदा एकदा तरी तपासलाच पाहिजे. काचबिंदू सहसा दुखत नाही, सांगून येत नाही आणि गेलेली नजर परत मिळत नाही. मधुमेह असेल तर पडदा दरवर्षी दाखवा.

बाजारातला तयार चष्मा दोन्ही डोळ्यांना एकच नंबर देतो. तुमचे दोन्ही डोळे सारखे निघाले तर तो चालेल, पण हे तपासणीनंतरच कळतं. शेतात वावरताना, खाली जवळचा नंबर असलेल्या दोन भागांच्या काचेतून खाली पाहिलं की बांध आणि पायरी अंधुक दिसते, ठेच लागते. तुम्हाला लांबचा नंबर नसेल तर दोरीने गळ्यात अडकवलेला, फक्त जवळचा चष्मा सोयीचा. वाचून झालं की काढायचा.

अचानक नजर गेली, डोळा लाल होऊन दुखू लागला, दिव्याभोवती रंगीत वलयं दिसली, सरळ रेघ वाकडी दिसली किंवा डोळ्यासमोर वीज चमकल्यासारखं होऊन काळे ठिपके तरंगू लागले, तर ती चाळिशी नव्हे. त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

आणि मायनं बाजूला ठेवलेली चाळिशी टाकून देऊ नका. शस्त्रक्रियेत बसवलेलं भिंग सहसा लांबचं दिसेल अशा ताकदीचं असतं आणि ते फुगत नाही. म्हणजे गोधडीसाठी त्यांना पुन्हा जवळचा चष्मा लागेल. हे त्यांना आधीच सांगा, नाहीतर ऑपरेशन बिघडलं असं वाटून जीव खाली-वर होईल. फ्रेम शाबूत असेल तर त्यातच नव्या नंबरच्या काचा बसतील.