पाणी तापविण्याच्या टाकीची नळजोडणी

२० अंश सेल्सिअसचे १५ लिटर पाणी ६० अंशांपर्यंत तापविल्यास सुमारे पाव लिटरने वाढते. रंगीत पाण्याने भरलेल्या बाटलीच्या बुचात बारीक काचनळी बसवून बाटली ऊन पाण्यात ठेवावी. नळीतील पाणी प्रथम किंचित उतरते, कारण काच आधी तापते. चौकस मुले हे हेरतात. मग ते चढू लागते.

तांब्याच्या बंबाचे तोंड उघडेच असते. बंद टाकीस मात्र सुरक्षा-झडप हवी. झडप व टाकी यांमध्ये तोटी बसवू नये. पाणी तापताना झडपेतून थेंब पडणे हा दोष नव्हे. तिला बूच मारल्यास आणि उष्णतानियंत्रकही बिघडल्यास टाकी फुटून जीवितहानी संभवते. झडपेची नळी उतरती, मोरीपर्यंत न्यावी.