रॉड्रिग्ज, फर्नांडिस आणि जर्मॅनिक मुळे

प्रश्न : वाळूजच्या कारखान्यात माझ्यासोबत वसईचा एक मित्र आहे. घरी मराठी बोलतो, आडनाव रॉड्रिग्ज. हे आडनाव लॅटिन आहे का? अर्थ काय?
– एक वाचक, बजाजनगर

उत्तर : आडनाव आले पोर्तुगीजांकडून, पण त्याचे मूळ लॅटिन नाही, जर्मॅनिक आहे. रोमन सत्ता ढासळल्यावर व्हिसिगॉथ या जर्मॅनिक लोकांनी स्पेन-पोर्तुगालवर इ.स. ७११ पर्यंत राज्य केले. त्यांची भाषा तिथे लोपली, नावे मात्र टिकली. ‘ह्रोद’ म्हणजे कीर्ती, ‘रीक’ म्हणजे सत्ताधीश. त्यांचा झाला रोद्रिगो, आणि रोद्रिगोचा मुलगा तो रॉड्रिग्ज. फर्नांडिसमध्ये धाडसाचा शब्द आहे, गोन्साल्विसमध्ये युद्धाचा. हेन्रिकिश म्हणजे घरधन्याचा वंशज, हे मला सर्वांत सुंदर वाटते. परेरा मात्र लॅटिनच, नासपतीच्या झाडावरून आलेले.

वसईवर पोर्तुगीज अंमल १५३४ ते १७३९. बाप्तिस्म्याच्या वेळी धर्मपित्याचे किंवा पाद्रीचे आडनाव स्थानिक कुटुंबांना मिळे. त्यामुळे या आडनावावरून मित्राचे पूर्वज युरोपातले होते असे कृपया समजू नका. ते इथलेच, या मातीतले.

जर्मॅनिक मुळांचा विषय निघालाच आहे, तर आपल्या न्हाणीघरातला ‘साबण’ हा शब्द? तो मराठीत अरबीतून आला की पोर्तुगीजांकडून, यावर मतभेद आहेत. पण दोन्ही वाटा लॅटिन ‘सापो’पाशी मिळतात, आणि बहुतेक अभ्यासकांच्या मते रोमनांनी तो शब्द उत्तरेकडच्या जर्मॅनिक लोकांकडूनच उचलला. पहिल्या शतकात रोमन लेखक प्लिनी त्याचे वर्णन करतो ते केस तांबूस करण्याचे द्रव्य म्हणून.